जुना डेस्कटॉप चालूच होत नव्हता, तेव्हा काय काय केलं

८ जूनला, रविवारी, घरातल्या जुन्या डेस्कटॉपचं पॉवर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा नाही, लाइट नाही, हार्ड डिस्कची घरघर नाही. परत दाबलं, धरून ठेवलं, सोडलं, तरी तसंच. आता जुलै संपत आलाय आणि कॉम्प्युटर व्यवस्थित चालतोय, पण मधले काही आठवडे मी फार गोंधळलेली होते, ज्याला विचारावं तो म्हणे मदरबोर्ड गेला असेल, नवीन घेऊन टाक. म्हणून म्हटलं सगळं क्रमाने लिहून ठेवावं, कुणावर अशीच वेळ आली तर निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

आधी मशीनबद्दल. कोअर टू ड्युओ ई८४०० प्रोसेसर, जी४५ चिपसेटचा बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, डीडीआर२ रॅमच्या २ जीबीच्या दोन पट्ट्या, विंडोज ७. तो प्रोसेसर २००८ सालचा, म्हणजे नवं घे म्हणणाऱ्यांचंही चुकत नाही. पण बाबांनी वर्षानुवर्षं स्कॅन केलेली कागदपत्रं आणि फोटो त्यावर आहेत, त्या स्कॅनरचा ड्रायव्हर ३२ बिटच्या विंडोज ७ च्या पुढे चालत नाही, आणि त्यांचा हिशोबाचा प्रोग्रामही त्याच मशीनवर बसवलेला. शिवाय कॉम्प्युटरबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्या मदरबोर्डशीच बांधलेलं असतं. एसएमपीएस (म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा आतला डबा) बदला, रॅम बदला, डिस्क बदला, लायसन्सला सहसा काही होत नाही, पण बोर्ड बदलला की ते त्याच कॉम्प्युटरचं लायसन्स मानलं जात नाही. त्यामुळे "बोर्ड गेला" हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा यायचा.

सगळ्यात मोठी भीती अर्थातच डेटाची होती. इथे एक गोष्ट आधीच सांगते कारण मला ती कळल्यावर रात्री झोप लागली: कॉम्प्युटर चालू होत नाही याचा अर्थ हार्ड डिस्क गेली असा होत नाही. बटण दाबून पंखासुद्धा फिरत नसेल तर तो प्रश्न डिस्कपर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणून मी दुरुस्तीला हात लावायच्या आधी डिस्क बाहेर काढली आणि सॅटा टू यूएसबी अ‍ॅडॅप्टर मागवला (सॅटा म्हणजे डिस्क बोर्डला ज्या कनेक्टरने जोडतात तो). घेताना बघून घ्या, लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला यूएसबीची वीज पुरते पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणजे अ‍ॅडॅप्टरबरोबर त्याचा स्वतःचा चार्जरसारखा वीटभर पॉवर ब्रिक आला पाहिजे. बऱ्याच स्वस्त केबलांबरोबर तो नसतो. ११ जूनला अ‍ॅडॅप्टर आला, लॅपटॉपला डिस्क जोडली, फोल्डर उघडले आणि बाबांचे सगळे फोटो दिसले. आधी कॉपी करून घेतली, मगच पुढचं काही. खरं सांगायचं तर त्या क्षणापासून हे काम मला झेपेल असं वाटायला लागलं, कारण आता जे काही बिघडेल ते फक्त मशीन.

माझा एक मित्र इलेक्ट्रॉनिक्समधला आहे, तो दुसऱ्या गावी असतो, त्यामुळे सगळं फोनवर. मी म्हटलं, अरे कॉम्प्युटर चालू होत नाहीये. तो म्हणाला, "असं नको सांगूस, कुठपर्यंत येऊन थांबतो ते सांग." वीजच येत नाही का, वीज येते पण स्क्रीनवर काही येत नाही का, की स्क्रीनवर येतं पण विंडोज चढत नाही. तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी. हे एवढं एक वाक्य डोक्यात ठेवलं तर निम्मं काम झालं असं मी म्हणेन, कारण लोक वीज नसलेल्या मशीनची रॅम पुसत बसतात आणि स्क्रीन न आलेल्या मशीनवर विंडोज परत टाकायच्या गोष्टी करतात.

तर पहिला आजार, वीज. सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघितलं, चालतंय. पॉवर केबल बदलून बघितली, मॉनिटरची आणि कॅबिनेटची केबल सहसा एकच असते त्यामुळे अदलाबदल करता येते. एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच चालूच्या बाजूला आहे का ते बघितलं. काही जुन्या एसएमपीएसना मागे लाल रंगाचा ११५/२३० चा स्विच असतो, तो तुमच्याकडच्या विजेप्रमाणे बरोबर आहे ना तेवढं बघा आणि मग त्याला अजिबात हात लावू नका, २३० च्या वीजेवर तो ११५ ला सरकवला तर एसएमपीएस जळतो.

मग कॅबिनेट उघडलं. आधी केबल काढायची, नंतर पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाते, आणि काम करताना मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. आत धुळीचा थर होता, तो मऊ ब्रशने काढला, प्रोसेसरचा पंखा बोटाने धरून. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर) केबल काढल्यानंतरही बराच वेळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, ते जिवावर बेतू शकतं. जे काही मोजायचं ते बाहेर आलेल्या वायरींवर मोजता येतं.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोळ्यांनी तपासले. छोटी उभी नळकांडी असतात, वर कापल्यासारखी खूण असते, ते डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असेल किंवा तपकिरी काहीतरी बाहेर आलं असेल तर तो गेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर खूप कंपन्यांच्या बोर्डांवर लागले होते आणि ते बोर्ड दोन-चार वर्षांत मरायचे, तेव्हा त्या काळातला कॉम्प्युटर असेल तर हे आधी बघा. माझे सगळे सपाट निघाले. बरं वाटलं, पण मग नेमकं काय?

मित्राने विचारलं, आधी काही लक्षणं होती का. होती ना. मार्चपासून रात्री मेन स्विच बंद केला असेल तर सकाळी पहिल्यांदा बटण दाबून काही व्हायचं नाही, स्विच चालू करून थोडा वेळ ठेवलं की मग चालू व्हायचा, आणि एकदा चालू झाला की दिवसभर काही त्रास नाही. वीज चालूच ठेवली असेल तर सकाळीही लगेच व्हायचा. हे ऐकल्याबरोबर तो म्हणाला, जांभळी वायर मोज.

आता ही जांभळी वायर म्हणजे काय ते नीट सांगते. एसएमपीएसमधून मदरबोर्डला २४ पिनांचा एक रुंद कनेक्टर जातो. त्यात पिवळ्या वायरी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट, काळ्या म्हणजे ग्राउंड. ह्या सगळ्या कॉम्प्युटर चालू झाल्यावरच जिवंत होतात. पण जांभळी एकच अशी की जिच्यावर कॉम्प्युटर बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, तिला स्टँडबाय म्हणतात. आपण पॉवर बटण दाबतो तेव्हा खरं तर वीज जोडत नाही, फक्त बोर्डला इशारा देतो, आणि बोर्ड ह्या स्टँडबायच्या जोरावर जागा असतो म्हणून त्याला तो इशारा कळतो. मग बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला ओढतो आणि एसएमपीएस पूर्ण चालू होतो. स्टँडबायच नीट नसेल तर बटण दाबणारा आपण आणि ऐकणारं कुणीच नाही.

१४ जूनला साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. डायल डीसी २० व्होल्टवर, काळी पिन कुठल्याही काळ्या वायरीत, लाल पिन जांभळ्या वायरीच्या मागून कनेक्टरच्या आत सरकवायची, कनेक्टर बोर्डलाच लावलेला राहू द्यायचा. ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५ मध्ये आकडा पाहिजे. माझा ४.२ च्या आसपास, तोही हलता. कनेक्टर बोर्डमधून काढून मोजला तर ५.०. म्हणजे ओझं नसताना बरोबर आणि बोर्डचं ओझं आलं की खाली बसतोय. असं बहुतेक वेळा त्या सर्किटमधला छोटा कपॅसिटर वाळल्यामुळे होतं, तो गरम झाला की जरा काम करतो, म्हणून तर स्विच चालू ठेवल्यावर थोड्या वेळाने कॉम्प्युटर उठायचा.

इथे तुम्हाला एक धोक्याची सूचना. जिकडे तिकडे ती पेपरक्लिपची टेस्ट सांगतात, म्हणजे २४ पिनांचा कनेक्टर बोर्डमधून काढायचा, हिरवी वायर आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडायची आणि एसएमपीएसचा पंखा फिरला की एसएमपीएस चांगला. मी ती पण केली, ओझं म्हणून जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडून (बाबांची डिस्क नाही!), पंखा मस्त फिरला, १२ च्या जागी ११.९, ५ च्या जागी ५.०५, सगळं छान. तेवढ्यावर विश्वास ठेवला असता तर एसएमपीएस निर्दोष आणि मदरबोर्ड आरोपी ठरला असता. ह्या टेस्टमध्ये पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बहुतेक गेला, पण फिरला म्हणून तो चांगलाच आहे असं नाही. मोजायचं ते बोर्ड जोडून मोजा.

तरीही एक शंका होती, की बोर्डच जास्त करंट ओढत असेल तर? त्याची खात्री एकाच मार्गाने होते, दुसरा चालू एसएमपीएस लावून बघायचा. एका मैत्रिणीचा जुना पीसी पडून होता, तिने त्यातला काढून दिला. लावला, बटण दाबलं आणि प्रोसेसरचा पंखा फिरला! डोळ्यात पाणी आलं. स्क्रीन काळीच होती पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही, पहिला आजार सापडला होता.

नवीन एसएमपीएस ४५० वॉटचा मागवला. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा मशीनला एवढेही लागत नाहीत, ह्या प्रोसेसरची मर्यादाच ६५ वॉट आहे, त्यामुळे मोठ्या आकड्यापेक्षा बऱ्या नावाचा घ्या. मागवण्याआधी बघायचं ते कनेक्टर: २४ पिनांचा, प्रोसेसरजवळ लागणारा ४ पिनांचा वेगळा (हा लावायचा राहिला तर पंखे फिरतात पण बाकी काही होत नाही), सॅटाचे किती, आणि जुनी आयडीई डिस्क (सॅटाच्या आधीच्या, रुंद पट्टीसारख्या केबलची) असेल तर चार जाड पिनांचा. काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये आकार आणि कनेक्टर दोन्ही कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला साधा एटीएक्स (म्हणजे नेहमीच्या ठरलेल्या मापाचा) त्यात बसत नाही, त्यामुळे जुन्याचा फोटो शेजारी ठेवूनच ऑर्डर करा. मी आल्याबरोबर सिरियल नंबरचा फोटो काढला, बिलाची पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकली, परत करायची मुदत कधी संपते ते फोनवर रिमाइंडर लावून ठेवलं. वॉरंटीला बिल आणि सिरियल नंबर दोन्ही मागतात, आणि डब्यावरचं स्टिकर नंतर पुसट होतं.

२१ जूनला तो बसवला. पंखा चालू, स्टँडबाय ५.०८, मॉनिटरवर "नो सिग्नल". म्हणजे आता दुसरा आजार. मॉनिटर आणि त्याची केबल लॅपटॉपला लावून बघितली, ती ठीक होती.

अशा वेळी मशीन स्वतः सांगतं काय दुखतंय ते, बीप वाजवून, पण माझ्या कॅबिनेटला स्पीकरच नव्हता. बोर्डच्या कोपऱ्यात जिथे पॉवर बटणाच्या बारीक वायरी लागतात तिथेच चार पिनांवर "स्पीकर" लिहिलेलं असतं, त्यावर लावायचा छोटा बझर मिळतो. ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात उपयोगी, आणि नेमकी तिचीच वाट आठवडाभर बघावी लागली. तेवढ्यात बोर्डवर स्लॉटांच्या मध्ये छापलेला मॉडेल नंबर शोधून मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घेतली, कारण बीपचे अर्थ बायॉसप्रमाणे बदलतात (बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डवरच असलेला प्रोग्राम; एएमआय आणि अवॉर्ड ही तो बनवणाऱ्यांची नावं). एएमआयच्या बायॉसमध्ये तीन बीप म्हणजे मेमरी आणि आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी, अवॉर्डमध्ये एक लांब दोन आखूड म्हणजे डिस्प्ले आणि लांब बीप वाजतच राहिली तर मेमरी. दुसऱ्याच्या बोर्डचे अर्थ आपल्याला लावून उपयोग नाही.

२८ जूनला बझर लावला आणि लांब बीप, थांबून परत लांब बीप. मेमरी. मित्र म्हणाला, आता दोन्ही रॅम काढ आणि चालू कर. मला वाटलं रॅमशिवाय कशाला? पण तेव्हाही बीप वाजल्या, आणि त्याने समजावलं की रॅम नाही ही तक्रार करायला प्रोसेसर, बायॉस आणि बोर्डचा बराचसा भाग जिवंत असावा लागतो. मेलेला बोर्ड तक्रार करत नाही. ज्या बोर्डला सगळ्यांनी मेलेला ठरवलं होतं तो ओरडत होता आणि मला तो आवाज फार गोड वाटला.

मग एक एक पट्टी. प्रत्येक वेळी केबल काढून, आणि एका वेळी एकच बदल, वहीत लिहून: कुठली पट्टी, कुठला स्लॉट, काय झालं. पट्ट्यांवर पेन्सिलने अ आणि ब लिहिलं. रॅमच्या कडेच्या सोनेरी पिनांवर मळकट थर होता, तो पांढऱ्या खोडरबरने अलगद घासला, कण झटकले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसलं, पूर्ण वाळू दिलं, स्लॉटमधून कोरडा ब्रश फिरवला. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसेपर्यंत पट्टी दाबायची, बऱ्यापैकी जोर लागतो. पुसल्यावर "अ" लावली, एक आखूड बीप आली आणि स्क्रीनवर अक्षरं! "ब" मात्र कुठल्याच स्लॉटमध्ये चालली नाही, म्हणजे दोष स्लॉटचा नाही, पट्टीचा. "अ" वर रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, पेनड्राइव्हवरून चालतं आणि फुकट आहे, सकाळी एकही एरर नव्हती.

अक्षरं आली ती "सीमॉस चेकसम एरर" अशी (सीमॉस म्हणजे बायॉसची सेटिंग जिथे साठवलेली असतात ती जागा), आणि तारीख कित्येक वर्षं मागची. हे सोपं होतं. बोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला की सेटिंग आणि घड्याळ विसरलं जातं. सीआर२०३२ नावाचा सेल, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड म्हणून ते नाव, नवा असताना ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, माझा २.४. बदलला, तारीख-वेळ घातली. तारीख चुकीची राहिली तर नंतर ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटच्या तक्रारी करतो, तेव्हा हे आधीच करा.

डिस्क परत लावली, विंडोजचं चिन्ह आलं आणि निळी स्क्रीन. कोड ०x००००००७बी. इतकं सगळं झाल्यावर ते बघून मी तो दिवस कॉम्प्युटर बंद करून उठलेच. दुसऱ्या दिवशी शांतपणे वहीत बघितलं, हा तिसरा आजार, आणि लॅपटॉपवर डिस्क व्यवस्थित उघडत होती, म्हणजे डिस्क गेलेली नाही. ह्या कोडचा अर्थ विंडोजला ज्या डिस्कवरून चढायचं तिच्यापर्यंत पोचता येत नाही. सेल संपल्यावर बायॉसची सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती, त्यात सॅटा मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते सेटिंग) आयडीई झाला होता, आणि विंडोज बसवलेलं होतं एएचसीआय ह्या दुसऱ्या पद्धतीवर. बायॉसमध्ये तेवढा एक पर्याय बदलला आणि डेस्कटॉप समोर आला, बाबांनी लावलेल्या वॉलपेपरसकट. अशा वेळी घाईने विंडोज परत टाकून डिस्क पुसून बसणारे लोक असतील याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिलं. सेल बदलला किंवा सीमॉस क्लिअर केलं आणि त्यानंतर निळी स्क्रीन आली तर आधी सॅटा मोड बघा. सगळं जुळल्यावर बायॉसच्या प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढून ठेवा.

त्यानंतरचं थोडक्यात. डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघितला, रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयास्पद जागा, दोन्ही शून्य, तरी वय बघता तिचा क्लोन एसएसडीवर करायचं ठरवलंय. रॅमची दुसरी पट्टी वापरलेली मागवली आहे, डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिनाच असतात पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे नाव वाचूनच घ्या आणि बसत नसेल तर दाबू नका. बाबांचा स्कॅनर आणि हिशोब एका पट्टीवरही चालतंय, हे ३२ बिटचं विंडोज तसंही ४ जीबी पूर्ण वापरत नव्हतं. नेटची केबल मात्र काढून टाकली आहे, विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, फाइली पेनड्राइव्हने इकडेतिकडे नेतो. मैत्रिणीचा एसएमपीएस तिला परत दिला, आणि जुन्यावर मार्करने "स्टँडबाय खराब" असं ठळक लिहून तो ई-कचऱ्यात टाकला, नाहीतर पेपरक्लिपच्या टेस्टमध्ये पास होऊन तो कुणाच्या तरी कॅबिनेटमध्ये परत बसायचा.